तळणाचा वास

त्या दिवाळीला मी घरी गेले नाही. पुण्याला भावाकडे पत्र टाकलं, की इकडे गावात देवीची साथ आहे, शिक्षकांनी सुटीत देवी टोचणाऱ्यांना मदत करावी असं वरून कळवलंय, तरी माझं येणं होणार नाही. पत्रात खोटं काही नव्हतं. फक्त वरून आलेल्या कागदात 'ज्यांना शक्य असेल त्यांनी' असे शब्द होते, तेवढे मी गाळले.

खरं कारण वेगळं होतं. मला सहाव्या वर्षी देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण तोंडावर वण राहिले. कपाळ, गाल, नाक, कुठेही बोट ठेवलं तरी खड्डा लागेल असे. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि दर दिवाळीच्या सुटीत भावजय कुणाला तरी मला बघायला बोलावून ठेवायची. माणसं यायची, पोहे खायची, माझ्याकडे एकदा बघून मग सगळा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलायची. आठवड्यानं पत्रिका जमत नसल्याचं कार्ड यायचं. त्या वर्षी मला ते नको होतं. साथ आली आणि मला न जायला एक चांगलं, मोठं कारण मिळालं. चार लोकांत सांगण्यासारखं कारण.

गाव पवनेच्या काठी, थेरगाव आणि रहाटणीच्या दरम्यान, पन्नास-साठ उंबऱ्यांचं. सगळीकडे ज्वारी, कांदा, मळे. पिंपरीच्या बाजूला नवा कारखाना उठत होता, त्यामुळे गावातले काही पुरुष सकाळी भाकरी बांधून बांधकामावर जायचे. शाळा देवळाच्या ओवरीत भरायची आणि तिच्या पाठीमागची एक खोली मला राहायला दिली होती. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, झाल्यावर मिळालेली ती माझी पहिलीच नोकरी.

खोलीपासून चार घरं सोडून आक्का राहायची. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. नवरा पिंपरीच्या बांधकामावर, घरात ही आणि पाच वर्षांची मुलगी. मला गावात कुणी नव्हतं, ते तिनं पहिल्या आठवड्यातच ओळखलं. रोज सकाळी माझी घागर तीच भरून आणून ठेवायची. "तुमचा हात खडूचा, बाई. रहाटाला सोलपटून निघंल," म्हणायची. मुलगी अजून शाळेत घातली नव्हती, पण ओवरीच्या पायरीवर येऊन बसायची आणि पोरांच्या आधी बाराखडी म्हणून मोकळी व्हायची. तिला माझ्या तोंडाची भीती नव्हती. एकदा तिनं माझ्या गालावर बोट फिरवून विचारलं होतं, "बाई, हितं पाऊस पडला व्हता?"

साथ वीटभट्टीवरून आली. भट्टीवर मराठवाड्यातून आलेली कुटुंबं होती. कोजागिरीच्या आदल्या दिवशी त्यांच्यातला एक तरणा माणूस गेला. अंगभर फोड होते, असं ज्यांनी पाहिलं ते सांगत होते. दोन दिवसांनी देवी डॉक्टर सायकलवरून आले.

ते काही डॉक्टर नव्हते. देवी टोचणारे सरकारी कर्मचारी, पण गावोगाव सगळे त्यांना देवी डॉक्टरच म्हणत. पन्नाशी उलटलेले, खाकी कोट, सायकलच्या मागे पत्र्याची पेटी. पेटीत स्पिरिटचा दिवा, लशीच्या काचेच्या बारीक नळ्या, आणि कातडीवर ठेवून फिरवायचं एक दातेरी हत्यार. लोक त्याला नुसतं 'सुई' म्हणत.

पहिल्या दिवशी चावडीवर दवंडी दिली, तर सात माणसं आली. त्यातला एक पाटील.

"असंच असतं, बाई," डॉक्टर म्हणाले. "दिवाळी तोंडावर. दंड सुजतो, ताप येतो. कुणाला हवंय?"

मग मी त्यांच्याबरोबर घरोघर जायला लागले. आधी शाळा सुटल्यावर, आणि सुटी लागल्यावर दिवसभर. मी दारात उभी राहायची, डोक्यावरचा पदर मागे घ्यायची आणि म्हणायची, "माझं तोंड बघा. मला सुई दिली नव्हती. तुमच्या लेकीचं असं व्हायला हवंय का?" बायका बघायच्या. आतून पोरांना ओढत आणायच्या. जे तोंड मी सोळा वर्षं लपवत होते, ते दाखवून मी माणसं गोळा करत होते आणि सांगायला लाज वाटते, पण मला त्यात सुख होत होतं.

आक्काच्या घरी आम्ही पहिल्याच फेरीत गेलो. डॉक्टर शेजारच्या ओट्यावर टोचत होते. आक्का मला दारातच बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, माज्या पोरीला दिवाळी झाल्यावं टोचा. तिच्या बापानं नवं परकर-पोलकं आणलंय. चार दिस हुंदडू द्या. हात सुजला तर नुसती रडत बसंल."

मी डॉक्टरांना सांगितलं, "या घरी नंतर येऊ." त्यांनी वहीत खूण केली आणि पुढे गेले. इतर घरांत मी अर्धा अर्धा तास वाद घातला होता. इथे घातला नाही. ती माझी घागर भरत होती. तिला एवढंसं तरी द्यावं असं मला वाटलं.

वसुबारसेच्या आठवडाभर आधीच गावात तळण सुरू झालं. गरिबाघरी का होईना, शेवेचा एक घाणा, चार करंज्या व्हायच्याच. संध्याकाळी गल्लीतून जाताना सगळीकडे गोडेतेलाचा वास. अशाच एका संध्याकाळी आम्ही एका चांगल्या खात्यापित्या घरासमोरून जात होतो. दारात बैलजोडी, दुभती म्हैस. दोन्ही बाजूंच्या घरांतून वास येत होता आणि या घरातून काहीच नाही. मी थांबले.

माझ्या आजारपणातलं मला आठवत होतं. घरात देवी आल्या की तळण नाही, फोडणी नाही. देवी म्हणजे अंगातली आग, चुलीवर तेल तापवलं की ती भडकते, असं मानतात. माझ्या आईनं एकवीस दिवस फोडणी घातली नव्हती.

"डॉक्टर," मी हळूच म्हणाले, "या घरात कुणीतरी आजारी आहे."

त्यांनी पाटलाला बोलावलं. घरातल्या म्हाताऱ्यानं आधी 'न्हाई, न्हाई' केलं, मग गोठ्याचं दार उघडलं. आत कडब्याच्या पेंढ्यांआड कडुनिंबाच्या पाल्यावर त्यांची धाकटी सून निजली होती. सहा महिन्यांची गरोदर. चेहरा ओळखू येत नव्हता.

डॉक्टरांनी नाव लिहिलं, दारावर गेरूची खूण केली. त्या घराला पाणवठा बंद झाला. गावानं जाणं-येणं सोडलं. सून दोन दिवसांनी गेली. मी मढं नेताना बाहेर उभी होते. म्हातारा माझ्यासमोर थांबला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बाई, दिवाळीला लोकाच्या घरात दिवा लावत्यात का इझवत्यात?"

मला वाईट वाटलं. पण डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून त्या घरातल्या अकरा माणसांना टोचता आलं. तुमचं नाक म्हणजे माझ्या पेटीतल्या हत्यारापेक्षा भारी आहे." आणि मला वाईट वाटत होतं ते कमी झालं. पुढच्या तीन दिवसांत मी अशीच आणखी दोन घरं काढली. एका घरात एक म्हातारी, दुसऱ्यात दोन भावंडं. लोक मला बघून दारं लोटून घ्यायला लागले. तरी मी जात होते. आपण गावाचं भलं करतोय, गावाला आज कळत नाही, उद्या कळेल, असं मनाशी म्हणत होते.

धनत्रयोदशीला सकाळी घागर ठेवायला आक्का आली, तेव्हा मीच तिला हे सगळं सांगितलं. "तुला सांगते, दारावरून गेलं तरी मला कळतं. दिवाळीत ज्या घरी तळण नाही, त्या घरी देवी."

ती घागर टेकवून उभी राहिली. "आसं व्हय?" म्हणाली. एवढंच.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी तिच्या दारावरून जात होते. ती उंबऱ्याशी पणती लावत होती. मुलगी कुठे दिसली नाही. पोर नवं परकर-पोलकं घालून गावभर मिरवत असेल, असं मला वाटलं.

"काय आक्का," मी थट्टेनं म्हणाले, "सगळ्या गावाच्या कढया उतरल्या आणि तुमच्याकडे अजून वास नाही? पाठवू का डॉक्टरांना?"

ती हसली. पदर तोंडाशी धरून हसली. "मालकांचा पगार आजच झाला, बाई. आता चढवते की कढई."

पाडव्याला सकाळी ती ताट घेऊन आली. ताटात पाच करंज्या. ताट तिनं अंगणातल्या दगडावर ठेवलं, खोलीत आली नाही. "अंघूळ न्हाई झाली माजी," म्हणाली आणि वळली. मी तिथेच उभ्यानं एक करंजी खाल्ली. सारणात गूळ जास्त होता. कुणाच्या तरी हातचं दिवाळीचं मला मिळालं, एवढाच विचार मनात आला.

भाऊबीजेला तरी ये, असं भावाचं पत्र आलं होतं. ओवाळून संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं ठरवून मी निघाले. चिंचवडच्या स्टेशनापर्यंत चालत जायचं होतं. खोलीवर लक्ष ठेव असं सांगायला आक्काकडे गेले. दार आतून लोटून घेतलेलं होतं. मी हाक मारली. कुणी ओ दिली नाही, पण आत हालचाल होती. मी दार ढकललं.

मुलगी चुलीच्या खोलीत जमिनीवर होती, खाली कडुनिंबाचा पाला. उशाशी ते नवं परकर-पोलकं घडी करून ठेवलेलं. तोंडावर, हातांवर, तळपायांवर, सगळीकडे. डोळे सुजून मिटले होते. आक्का केस मोकळे सोडून तिच्यापाशी बसली होती आणि निंबाच्या डहाळीनं माशा वारत होती. कोपऱ्यात कढई पालथी घातलेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तेरशीपास्नं ताप." मग म्हणाली, "बाई, डागदरला सांगू नगा. दारावं खूण केली तर पाणी कुठनं आणू?"

मी स्टेशनाकडे गेले नाही. डॉक्टरांना मात्र सांगावंच लागलं. आजूबाजूला पोरं होती. त्यांनी गेरूची खूण केली आणि आक्काच्या घराला पाणवठा बंद झाला. मग घागर मी भरायला लागले. दोन घागरी, तिची आणि माझी. विहिरीवर बायका मला बघून मागे सरकायच्या. दोरानं हाताला फोड आले, ते फुटले.

मुलगी पुढे आठ दिवस होती. मला एकदा येऊन गेल्या होत्या म्हणजे पुन्हा यायची भीती नव्हती, त्यामुळे मी आत जाऊन बसू शकत होते. आक्काला दोन तास झोपवायची आणि डहाळी हातात घ्यायची. तिचा नवरा कामावर जात नव्हता. मुकादमानं येऊ नको म्हणून सांगितलं होतं. तो दिवसभर ओट्यावर पाठ करून बसायचा. मुलीला दिसत नव्हतं, पण आवाज ओळखायची. एकदा म्हणाली, "बाई, शाळा भरली?" मी म्हणाले, अजून सुटी आहे. तिला हायसं वाटलेलं दिसलं. तिची शाळा बुडत नव्हती म्हणून.

तुळशीच्या लग्नाला दोन दिवस असताना, सकाळी नऊच्या सुमाराला ती गेली. बापानं तिला उचलून ओढ्यापलीकडे नेलं आणि पुरलं. बरोबर आम्ही तिघं होतो. तो, डॉक्टर आणि मी. बायकांनी जायची रीत नव्हती, पण खांद्याला दुसरं कुणी आलं नाही, आणि मला कुणी अडवलंही नाही.

येताना मी डॉक्टरांना विचारलं, "पहिल्या फेरीत टोचलं असतं तर?"

ते सायकल हातात धरून चालत होते. ओढा ओलांडून अलीकडे आले. मग म्हणाले, "भट्टीवरच्या बाया तिच्या घरी ताकाला यायच्या म्हणतात. तेव्हाच लागण झाली असावी. त्या दोन-तीन दिवसांत टोचलं असतं, तर बहुतेक वाचली असती. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, बाई. नाही तर सांगितलं नसतं."

मी दहाव्या दिवसापर्यंत आक्काकडे गेले नाही. रोज तिची घागर दारात ठेवायची आणि यायची. अकराव्या दिवशी तिनंच बोलावलं. मी मनाशी वाक्य तयार करून गेले होते. आक्का, त्या दिवशी मी तुझं ऐकायला नको होतं. तिनं मला ते म्हणूच दिलं नाही.

"बाई, एक इचारते. ती पाडव्याची कढई. मी एकच घाना तळला. दार लावून, चुलीफुडं पाटी आडवी लावून. तेवड्यानं आई कोपली असंल का हो?"

मला आधी समजलंच नाही.

"पोरीच्या तोंडात तवाच फोड आलं व्हतं," ती सांगत होती. "मला ठावं व्हतं घरात तेल तापवू न्हाई. पन तुमी म्हनाला, वास न्हाई. मला भ्या वाटलं. म्हनलं, बाईंच्या नाकाला वास गेला म्हंजी झालं. दुसऱ्या कुनाच्या घरी म्या एक करंजी दिली न्हाई, शपथ. तुमाला तेवडी दिली, तुमाला येऊन गेल्यात म्हनून. पन पोरगी त्या रातीपास्नंच वाईट झाली, बाई. म्या तळलं आन् ती भाजली."

मी तिला सगळं सांगितलं. कढईनं काही होत नाही. हा रोग भट्टीवरून आला. सुई वेळेवर दिली असती तर पोर वाचली असती आणि ती मी देऊ दिली नाही. डॉक्टर म्हणाले तेही सांगितलं. मला तिनं बोलावं, चार माणसांत माझं नाव घ्यावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. तिनं ऐकून घेतलं. मग लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "तुमी सुईचं सांगता, बाई. आईफुडं सुई काय करती? तुमचा काय बी दोष न्हाई."

त्यानंतर ती घागर भरायला आली नाही. रागानं नव्हे. कुणाच्या घरचं पाणी भरायला आपला हात चांगला नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. दिसली की बोलायची, 'बरं हाय का' विचारायची. मी मात्र तिला दारात बघितलं की पुस्तकात डोकं घालायची.

फाल्गुनात डॉक्टर पुन्हा फेरीला आले. मी त्यांना सांगितलं, बरोबर येईन, पण घर दाखवणार नाही. ते नाराज झाले. म्हणाले, "मग लपवलेले कसे सापडायचे?" मी म्हणाले, "मी विचारीन. कुणी सांगितलं तर आजाऱ्यापाशी जाऊन बसेन. पाणी भरीन. मला लागण होत नाही." त्यांना ते कच्चं वाटलं. कच्चं होतंही. पहिल्या दोन घरांनी दार उघडलं नाही. तिसऱ्या घरात एक म्हातारा होता. त्याच्यापाशी पाच दिवस बसले, तो गेला. पण त्याच्या सुनेनं आपणहोऊन शेजारचं घर सांगितलं. "तितं बी बसा, बाई. ती बाय तीन दिस झोपली न्हाई."

तिथून पुढे माझ्या सुट्या अशाच गेल्या. दिवाळी, मे महिना, कधी नाताळ. मी काही मोठं केलं नाही. औषध नव्हतंच. ज्यांच्या घरी कुणी जात नाही त्यांच्याकडे जायचं, घरच्या बाईला दोन तास झोपू द्यायचं, दोन घागरी भरायच्या. काही जगले. बरेच गेले.

पुढच्या वर्षी आक्काला मुलगा झाला. तीन महिन्यांचा असताना तिनं त्याला स्वतःच चावडीवर आणलं. डॉक्टरांनी दंडावर हत्यार ठेवलं, पोर ओरडलं. तिनं त्याला पदराखाली घेतलं आणि डॉक्टरांना विचारलं, "ह्याला आता ताप यील. तवर घरात फोडनी घालू का नगं?"

डॉक्टरांना पाडव्याच्या कढईचं काही ठाऊक नव्हतं. ते हसून म्हणाले, "घाला की खुशाल. त्याचा काय संबंध?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी रोज पोरांना सांगत असे की रोग कशानं होतो, कशानं होत नाही. फळ्यावर लिहून देत असे. मी म्हणाले, "नको घालूस, आक्का. आठ दिवस नको घालूस."

तिनं मान हलवली आणि पोराला घेऊन गेली. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मी कारण सांगितलं नाही.

दोन वर्षांनी माझी बदली चाकणच्या बाजूला झाली. गावातल्या काही जमिनी पुढे कारखान्यांकडे गेल्या, माणसं पांगली. आक्का नवऱ्याबरोबर त्याच्या मामाच्या गावी गेली, एवढं कानावर आलं. मुलगा धडधाकट होता म्हणे. देवी डॉक्टर निवृत्त झाल्यावर एकदा शाळेत भेटायला आले होते. चहा घेताना त्यांनी जुन्या गावांची नावं काढली, त्या गावाचंही काढलं. मुलीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. जाताना म्हणाले, "या सुटीत कुठे?" मी म्हणाले, आळंदीच्या वाटेवर खाणकामगारांची वस्ती आहे, तिथे कांजिण्या निघाल्यात. ते म्हणाले, "जपून. या देवी नव्हेत." आणि सायकलवर बसले.